दोन दूरच्या विमानतळांमधील हवाई अंतर कसे काढावे

मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेले आपले बरेच सभासद विचारतात, की न्यूयॉर्क मुंबईच्या पश्चिमेला, मग सीटसमोरच्या पडद्यावर विमान उत्तरेकडे चढताना का दिसते? उगाच लांबून नेतात का? तसे नाही. नकाशा सपाट आणि पृथ्वी गोल, म्हणून तसे दिसते. घरी पृथ्वीगोल असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरावा. तो नॉर्वे, आइसलंड आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जातो. हाच सर्वांत जवळचा मार्ग. त्याला बृहद्वृत्त म्हणतात.

आकड्यांत काढायचे तर नातवाचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो. मुंबई विमानतळ १९.१ अंश उत्तर, ७२.९ अंश पूर्व. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६ उत्तर, ७३.८ पश्चिम. पूर्व रेखांश जमा, पश्चिम नावे धरावेत, म्हणजे फरक १४६.७ अंश येतो. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा : ०.२१३. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातील फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार : उणे ०.६००. बेरीज उणे ०.३८७. ज्या कोनाचा कोसाइन इतका, तो कोन ११२.८ अंश. एका अंशाला ६० सागरी मैल आणि एक सागरी मैल १.८५२ किलोमीटर, म्हणून अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने थोडा फरक पडतो, तो सोडून द्यावा. नेहमीच्या मर्केटर नकाशावर पट्टीने आखलेल्या रेषेने गेले तर हेच अंतर १४,२०० च्या आसपास भरते!

प्रत्यक्ष उड्डाण मात्र याहून लांब असते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना २०२२ पासून रशियावरून जाता येत नाही. असा वळसा पडला की तास वाढतात, आणि तिकीट काढताना हे पाहायला हवे.

हा हिशेब पैशांच्याही उपयोगाचा आहे. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार, तेथील विमानतळावरून सुटणारे विमान, कंपनी कोणतीही असो, मुक्कामी तीन तास वा अधिक उशिरा पोहोचले तर भरपाई मिळू शकते. तिची रक्कम अंतरावर ठरते आणि ते अंतर बृहद्वृत्तानेच मोजतात, वळसा धरत नाहीत. फ्रँकफर्ट ते मुंबई साधारण साडेसहा हजार किलोमीटर, म्हणजे ३,५०० च्या वरच्या गटात. तेथे माणशी ६०० युरो. उशीर चार तासांच्या आत असेल तर कंपनी निम्मी रक्कम देऊ शकते. खराब हवामानासारखे कारण असेल तर काहीच नाही. मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही. अर्ज लेखी करावा, त्यासाठी तिकीट आणि बोर्डिंग पास घरी येईपर्यंत फेकू नयेत.