घडीची पक्कड आणि तळहात

पक्कड म्हणजे एका टेकूवर बसवलेल्या दोन तरफा. जबडा टेकूजवळ, मूठ लांब. म्हणून हाताचा जोर तारेवर कितीतरी वाढून पडतो. हे आपण वर्गात शिकवतो. पण हीच पक्कड घडी घालून खिशात ठेवायची, शिवाय तिच्या मुठींत चाकू, कानस, स्क्रू ड्रायव्हर बसवायचे, तर काय काय करावे लागेल?

1975 साली टिम लेदरमन हा अमेरिकन यंत्र अभियंता पत्नीसह जुन्या फियाट गाडीतून युरोप व मध्यपूर्वेत हिंडत होता. गाडी सतत बिघडे, हॉटेलातले नळ गळत. खिशात चाकू होता, पण त्याला पक्कड नव्हती. त्याने पुठ्ठ्याचा नमुना केला, मग घरी परतून सुमारे तीन वर्षे धातूवर काम केले. 1980 मध्ये पेटंट मिळाले, गिऱ्हाईक मात्र मिळेना. चाकूवाले म्हणत, हे अवजार आहे. अवजारवाले म्हणत, हा तर चाकू! अखेर 1983 मध्ये टपालाने माल विकणाऱ्या एका कंपनीने 500 नग मागवले. पुढच्या वर्षी 4,000 खपतील अशी आशा होती. खपले जवळजवळ 30,000.

या पहिल्या अवजाराची एक अडचण होती. त्याच्या मुठी म्हणजे पत्र्याच्या दोन पन्हळी. घडी घातली की जबडा त्यांच्या पोटात बसे. उघडताना प्रत्येक मूठ 180 अंशांत फिरे आणि पन्हळीची उघडी बाजू बाहेर येई. म्हणजे पत्र्याच्या कडा थेट तळहातात! समजा, आपण 100 न्यूटन जोर लावला. तो 10 चौरस सेंटिमीटरवर पसरला, तर दाब चौरस सेंटिमीटरला 10 न्यूटन. कडांचे क्षेत्रफळ 1 चौरस सेंटिमीटरच असेल, तर तो दसपट. जोर तोच, पण हात आधी हार मानतो. शिवाय चाकू हवा असला, तरी आधी पक्कड उघडावी लागे.

1990 च्या दशकात यावर निरनिराळी उत्तरे आली. गर्बर कंपनीने जबडा मुठींतून सरकवून बाहेर काढला. मुठी उलट्या होत नसल्याने गुळगुळीत बाजूच हातात राहिली आणि एका हाताच्या झटक्यात पक्कड तयार झाली. सॉग कंपनीने टेकूपाशी दातेरी चाके बसवून जोर वाढवला. पण जोर वाढला की अंतर वाढते, त्यामुळे मुठी जास्त फाकवाव्या लागल्या. 1998 च्या ‘वेव्ह’मध्ये लेदरमनने चाकूची पाती बाहेरच्या बाजूला आणली, पक्कड मिटलेली असतानाच ती अंगठ्याने उघडता येऊ लागली.

यांतले सर्वांत चांगले कोणते? ‘कशासाठी?’ हे विचारल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. शिडीवर एक हात अडकलेल्याला झटक्यात उघडणारी बरी, जाड तार तोडणाऱ्याला दातेरी चाकांची. किती अवजारे आहेत हे मोजणे सोपे; ती हातात कशी बसतात हे पाहायला वापरूनच बघावे लागते.

वर्गात मुलांना जाड पुठ्ठ्याच्या दोन पन्हळी करू द्या. त्या उलट्यासुलट्या धरून हलकेच दाबायला सांगा. कडा कुठे टोचतात हे मुलेच दाखवतील. दाबाचे सूत्र त्यानंतर फळ्यावर लिहावे.