तांबडा रस्ता

रायस्वाइक म्हटलं की इतिहासाच्या अभ्यासकांना १६९७ चा तह आठवतो. मला मात्र इथे आल्या आल्या नजरेत भरला तो तांबूस रंगाचा सायकलचा रस्ता. मोटारींपासून वेगळा, सिग्नलसुद्धा वेगळा. पाठीला दप्तर लावून शाळकरी पोरं एकटी डेल्फ्टच्या दिशेने बिनधास्त निघालेली. मला वाटलं, डच लोक मुळातच शिस्तीचे. पण तसं नाही बरं का!

दुसऱ्या महायुद्धानंतर इथेही पैसा आला, मोटारी आल्या आणि सायकली मागे पडल्या. १९७१ साली या एवढ्याशा देशात ३,००० हून अधिक माणसं रस्त्यावर मेली. त्यात ४०० हून अधिक लहान मुलं होती. मग आईबापच रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच होतं 'मुलांचे खून थांबवा'. त्यातच १९७३ ची तेलटंचाई आली. ४ नोव्हेंबरपासून काही रविवारी मोटारींना बंदी झाली आणि मोकळे रस्ते कसे असतात ते लोकांनी पाहिलं. पुढे शेजारच्या हेगमध्ये सरकारी पैशातून सायकलमार्गाचा प्रयोग झाला. दुकानदारांनी विरोध केला, पण सायकलवाले मागे हटले नाहीत.

माझं बालपण पुण्यातलं. तेव्हा पुणं सायकलींचं शहर होतं, बाबा कामावर सायकलनेच जायचे. आज बहीण भाचीला सायकलवरून शाळेत पाठवायला धजत नाही. परवा फोनवर म्हणाली, "दादा, तुमच्याकडे बरं आहे."

म्हटलं, "बरं नव्हतं गं. भांडून करून घेतलंय त्यांनी."