लांब मालाची वाट : शनिवारवाड्यापासून टेम्पोपर्यंत

कोणत्याही वास्तूचे काम पायाभरणीपूर्वीच सुरू होते, ते रस्त्यावर. दगड फोडून आणता येतो, चुना पोत्यात भरता येतो. परंतु तुळई मध्येच कापली की ती तुळई राहत नाही. म्हणून लांब माल सुखरूप आणणे ही बांधकामातील जुनीच अडचण आहे. पुणे शहराचा इतिहास हेच सांगतो.

श्रीमंत पहिले बाजीराव पेशवे यांनी शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी केली. २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. खर्च आला १६,११० रुपये. दगड चिंचवडच्या खाणींतून, चुना जेजुरीहून आणि सागवान जुन्नरच्या जंगलातून आले. जुन्नर पुण्यापासून सुमारे ९० किलोमीटर. वाटेत भीमा, इंद्रायणी यांसारख्या नद्या. सारी ओढ बैलांच्या व माणसांच्या बळावर. १८२८ च्या आगीत आतील लाकडी इमले जळाले. तट व दिल्ली दरवाजा मात्र आजही उभे आहेत.

त्या काळी एक गोष्ट अनुकूल होती. बैलाची चाल माणसाच्या चालीएवढीच. ओंडक्याचे टोक मागे आले तरी पाहून बाजूला होण्यास सवड मिळे.

१८५८ मध्ये खंडाळा-पुणे लोहमार्ग सुरू झाला व १८६३ मध्ये बोरघाट खुला होऊन मुंबईशी सलग रूळ जोडले गेले. एका वाघिणीत न मावणाऱ्या मालापुढे किंवा मागे रिकामी वाघीण जोडावी, ही रेल्वेची रीत. म्हणजे मालाच्या लांबीप्रमाणे गाडीच वाढवावयाची. पुढे भवानी पेठेतील लाकूडबाजार नावारूपास आला. १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी स्थापन झाली व तिच्या तीनचाकीवरून ‘टेम्पो’ हा शब्द घरोघरी रुळला. २००५ मध्ये टाटांचा ‘छोटा हत्ती’ प्रथम पुण्याच्या कारखान्यातूनच बाहेर पडला. माल गल्लीबोळात पोहोचू लागला, ही मोठीच सोय झाली.

परंतु सोयीबरोबर धोकाही आला. लोखंडी गज साधारणतः १२ मीटर, म्हणजे सुमारे ४० फूट लांब असतो. दुमडला तरी २० फूट राहतो, आणि पिकअपचा हौदा ८-९ फुटांचा. उरलेले टोक मागे लोंबते. मागील चाकांपलीकडे भार गेला की पुढची चाके हलकी होतात व सुकाणू नीट लागत नाही. वळताना ते टोक उलट बाजूस झाडू मारते. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला गजाचे बोथट टोक दिसतच नाही. अचानक ब्रेक लागल्यास सैल गज पुढे सरकून चालकाच्या पाठीवर येतात. बैलगाडीच्या वेळची सवड मोटारीच्या वेगाने हिरावून घेतली.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये गज व खांब मागे १ मीटरपर्यंत बाहेर ठेवण्यास पूर्वी मुभा होती. ती २०१४ मध्ये काढून टाकण्यात आली. २०१९ च्या दुरुस्तीने अशा भारास २०,००० रुपये दंड ठरविला असून जादा माल उतरविण्याचा खर्चही गाडीवाल्यावर येतो. तांबडे फडके बांधले की भागले, ही समजूत आता कायद्याने चालत नाही.

उपाय अवघड नाही. लांब मालास लांब हौद्याचा ट्रक करावा. तो गल्लीत येत नसेल तर गज दुकानातच मापाप्रमाणे कापून, वाकवून घ्यावेत. माल हौद्याच्या पुढील फळीस टेकवून निदान दोन ठिकाणी घट्ट आवळावा आणि थोडे अंतर गेल्यावर दोर पुन्हा तपासावा.

जीर्णोद्धारास कोणी तुळई देतो, कोणी गज, कोणी केवळ भाडे. भाड्याचे चार पैसे अधिक गेले तरी ती देणगीच होय. देवाच्या कामाला निघालेल्या मालाने वाटेत कोणाच्या घरचा दिवा विझू नये, एवढी काळजी देणाऱ्याने व आणणाऱ्याने मिळून घ्यावी.