भाडेपट्ट्यावरचे छिंगदाओ आणि एक भाषांतर

‘यी चिंग’ हा प्राचीन चिनी ग्रंथ आपल्याकडे बहुधा रिचर्ड विल्हेल्मच्या जर्मन भाषांतराच्या इंग्रजी अवतारातून वाचला जातो. मूळ भाषांतराची सुरुवात झाली ते छिंगदाओ मात्र आरमारी तळ होते. दोन मिशनऱ्यांच्या हत्येचे निमित्त करून जर्मन आरमाराने नोव्हेंबर १८९७ मध्ये शांतुंगमधील च्याओचौचा उपसागर व्यापला आणि मार्च १८९८ मध्ये चीनवर ९९ वर्षांचा भाडेपट्टा लादला. कारभारही आरमार खात्याचाच. रस्ते, गटारे, वनीकरण सारे नमुनेदार. फक्त युरोपीय वस्तीत चिन्यांना राहण्यास मज्जाव!

१८९९ मध्ये तेथे आलेला विल्हेल्म मिशनरीच होता. १९११ च्या क्रांतीनंतर छिंग राजवटीचे परागंदा अधिकारी याच जर्मन छत्राखाली आले. त्यांतील लाओ नाइश्वान यांनी त्याला ‘यी चिंग’ शिकवला. हे भाषांतर वसाहतवादाच्या जमेस धरण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो पटत नाही. येथे गुरूच स्वतःच्या देशात परक्यांच्या आश्रयाने राहत होता. १९१४ मध्ये जपानने शहर जिंकले, काम खंडित झाले. लाओ १९२१ मध्ये वारले. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९२४ मध्ये, जर्मनीत.