कर्नलची उघडी खिडकी

फोनचा आयपी पत्ता कोणता, कुठल्या सर्व्हरशी बोलणं चालू आहे, याची नोंद कर्नल ठेवतं. ॲपला ती हवी असेल तर कर्नललाच विचारावं लागतं. हे विचारायचं कसं, याला चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे. मी सॉफ्टवेअरवाला असलो तरी मला तो निव्वळ तांत्रिक वाटत नाही.

१९८३च्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये त्यासाठी 'आयओसीटीएल' होतं: प्रत्येक प्रश्नाला ठरलेला सांकेतिक आकडा. १९८४ साली बेल लॅब्समधल्या टॉम किलियन यांनी चालू प्रोग्रॅम फाइलसारखे दाखवणारी '/प्रॉक' ही सोय मांडली. लिनक्सने ती उचलली आणि नेटवर्कची माहितीही '/प्रॉक/नेट'मध्ये ठेवली. कुणीही उघडावं, वाचावं. १९९९च्या लिनक्स २.२पर्यंत ॲलेक्सी कुझ्नेत्सोव यांनी 'नेटलिंक' नव्याने बांधलं. आता नेटवर्कमध्ये काही बदललं की कर्नल स्वतःहून कळवू लागलं.

या साऱ्यामागे एक गृहीतक होतं: यंत्राचा मालक आणि प्रोग्रॅम एकाच बाजूचे. कॉलेजच्या सर्व्हरवर ते बरंचसं खरं होतं. अँड्रॉइडने लिनक्सचं कर्नल घेतलं, तेव्हा ही उघडी खिडकीही सोबत आली. पण फोनवरचं ॲप म्हणजे पाहुणा, आणि पाहुणे सगळेच सरळ नसतात.

समजा, मुंबई-गोवा महामार्गावर माणगावात चहाला थांबून तुम्ही हॉटेलचं वाय-फाय जोडलंत. '/प्रॉक/नेट/एआरपी'मध्ये त्या राउटरचा मॅक पत्ता यायचा. असे पत्ते आणि त्यांची ठिकाणं जुळवणारे मोठे साठे आहेत. म्हणजे लोकेशनची परवानगी न मागता साधं टॉर्चचं ॲपही तुम्ही माणगावात आहात, असा अंदाज बांधू शकत होतं. '/प्रॉक/नेट/टीसीपी'मधून इतर ॲप्स कुठल्या सर्व्हरशी जोडली आहेत तेही दिसायचं. बँक, डेटिंग, दवाखाना, काहीही.

२०१९च्या अँड्रॉइड १०ने ॲप्सना '/प्रॉक/नेट' बंद केलं. २०२०च्या अँड्रॉइड ११ने नेटलिंकमधून फोनचा स्वतःचा मॅक पत्ता मिळणंही थांबवलं.

निर्णय योग्यच होता. पण त्याच दिवशी मालकाचीही खिडकी बंद झाली. माझा फोन कुणाशी बोलतोय, हे दाखवणाऱ्या ॲपला आता व्हीपीएनची आडवाट धरावी लागते. चोरासाठी दार लावावंच. किल्ली मात्र घरमालकाकडे हवी. सध्या ती फोन बनवणाऱ्यांकडे आहे.