मुसलमान कोण, हे कोणी ठरवायचे?

इस्लामी कायदा आणि मानवी हक्क यांचे जमते का, असा प्रश्न निघाला की चर्चा लगेच दोन टोकांना जाते. एक जण म्हणतो, शरियतमध्ये सगळे हक्क आधीपासून आहेत. दुसरा म्हणतो, एकही नाही. मी आज एका माणसाची हकीकत सांगतो. हा वाद नेमका कुठे अडतो, ते तिच्यातून दिसते.

हा माणूस म्हणजे सर मुहम्मद झफरुल्ला खान. जन्म सियालकोटचा, पेशा वकिलीचा. फाळणीपूर्वी ते दिल्लीच्या फेडरल कोर्टाचे न्यायाधीश होते, पुढे पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री झाले. काश्मीरच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांत भारताविरुद्ध तासन्‌तास बोलणारे ते हेच. पंथाने ते अहमदिया.

१९४८ साली पॅरिसमध्ये मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर चर्चा चालू होती. कलम १८ मध्ये धर्मस्वातंत्र्याबरोबर धर्म बदलण्याचा हक्कही होता. सौदी अरेबियाने त्याला हरकत घेतली. या हरकतीला परंपरेत आधार होता, हे मान्य करायला हवे. जुन्या इस्लामी धर्मशास्त्रात बहुतेक पंडितांनी धर्म सोडणाऱ्या पुरुषाला देहदंड सांगितला आहे. झफरुल्ला यांनी मात्र आमसभेत या कलमाला पाठिंबा दिला, आणि आधार घेतला तो कुराणाचाच. श्रद्धा ठेवायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे, असा त्यांचा अर्थ होता. १० डिसेंबरला मतदान झाले. ४८ देश बाजूने, विरोधात कोणी नाही, ८ तटस्थ. सौदी अरेबिया तटस्थ राहिला. पाकिस्तान, इजिप्त, इराण आणि तुर्कस्तान यांनी बाजूने मत दिले.

म्हणजे धर्मग्रंथ एकच, पण अर्थ दोन. मग प्रश्न उरतो की यातला कुठला अर्थ सरकार दंडुक्याच्या जोरावर लादणार?

पाकिस्तानात त्याचे उत्तर हळूहळू मिळत गेले. १९५३ मध्ये अहमदियांविरुद्ध दंगली उसळल्या. झफरुल्लांना मंत्रिमंडळातून काढा, ही त्यातली एक मागणी होती. लाहोर लष्कराच्या ताब्यात द्यावे लागले. न्यायमूर्ती मुनीर यांच्या चौकशी न्यायालयाने उलेमांना विचारले, मुसलमान कोणाला म्हणायचे? कोणत्याही दोन उलेमांची व्याख्या जुळली नाही, असे अहवालात नमूद आहे.

इतके होऊनही सप्टेंबर १९७४ मध्ये, भुट्टोंच्या काळात, घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवले गेले. १९८४ मध्ये झियांनी अध्यादेश काढला. अहमदियाने स्वतःला मुसलमान म्हणवणे, आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणे किंवा अजान देणे गुन्हा झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद. झफरुल्ला १९८५ मध्ये लाहोरलाच वारले. पॅरिसमध्ये ज्या श्रद्धेच्या आधारे ते बोलले होते, तिचे नाव घेणे शेवटच्या दिवसांत त्यांच्या देशात गुन्हा होता.

छांबच्या लढाईचा अभ्यास करणाऱ्या सैनिकाला आणखी एक नाव आठवते. १ सप्टेंबर १९६५ रोजी आपल्यावर चालून आलेल्या पाकिस्तानी डिव्हिजनचे प्रमुख, मेजर जनरल अख्तर हुसेन मलिक, अहमदियाच होते. शत्रू असले तरी सेनानी म्हणून ते तोलामोलाचे होते. लढाईवर पाठवताना त्यांचा पंथ आड आला नाही.

आता आपल्याकडे बघा. १९७० मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे प्रश्न आला, की अहमदिया झालेला माणूस धर्मत्यागी ठरतो का? न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला, नाही, तो मुसलमानच आहे. इथल्या अनेक उलेमांना हे आजही मान्य नाही, आणि तसे म्हणायला ते मोकळे आहेत. पण त्यांच्या मतासाठी पोलीस कोणाला उचलून नेत नाहीत.

१९९० मध्ये इस्लामी देशांच्या संघटनेने कैरोत मानवी हक्कांचा स्वतःचा जाहीरनामा काढला. त्यात सगळे हक्क शरियतच्या अधीन ठेवले आहेत. पण कोणाची शरियत? झफरुल्लांची, सौदी प्रतिनिधीची की झियांची? हे ठरवणार सत्तेवर बसलेला माणूसच. म्हणून माझे मत असे, की धर्माचा अर्थ लावायचा अधिकार सर्वांना असावा; तो न पटणाऱ्याला तुरुंगात टाकायचा अधिकार कोणालाच नसावा. हा नियम सगळ्याच धर्मांना लागू आहे, आपल्यालाही.

जय हिंद.