व्यवस्थापन शिक्षणाचे शुल्क आणि मूल्य : २००४ च्या शुल्कविवादाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
व्यवस्थापन पदवीवर होणारा खर्च आणि तिच्यापासून मिळणारा लाभ यांचा हिशेब आज प्रामुख्याने विद्यार्थी व त्याचे पालक मांडतात. मात्र हा खर्च समाजाने करावयाचा की लाभार्थ्याने, या प्रश्नाचे उत्तर गेल्या सहा दशकांत बदलत गेले आहे. या बदलातील एक महत्त्वाचा टप्पा म्हणजे २००४ साली भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या शुल्कावरून उद्भवलेला वाद होय. प्रस्तुत लेखात त्या वादाच्या आधारे शुल्क व मूल्य यांच्या परस्परसंबंधाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
भारतात वाणिज्य शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय १९१३ सालीच सुरू झाले. व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण मात्र स्वातंत्र्योत्तर नियोजनाच्या काळात रुजले. १९६१ साली कलकत्ता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. अहमदाबादच्या संस्थेसाठी विक्रम साराभाई व कस्तुरभाई लालभाई यांनी पुढाकार घेतला. केंद्र व राज्य शासन, स्थानिक उद्योगजगत आणि फोर्ड फाउंडेशन यांचे साहाय्य लाभले, तर हार्वर्ड बिझनेस स्कूलने शैक्षणिक सहकार्य दिले. १९६५ साली मुंबई विद्यापीठाने जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था सुरू केली. कुशल व्यवस्थापक घडविणे हे राष्ट्रीय विकासाचे कार्य मानले गेल्याने त्याच्या खर्चात सार्वजनिक निधीचा वाटा असणे स्वाभाविक मानले जात होते.

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर ही भूमिका पालटू लागली. व्यवस्थापकांची मागणी व वेतन वाढले. अनुदानावरील अवलंबित्व कमी करण्याकडे संस्थांचा कल झाला आणि शुल्क वाढत गेले.

२००४ चा वाद :
फेब्रुवारी २००४ मध्ये तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री मुरली मनोहर जोशी यांच्या मंत्रालयाने, यू. आर. राव समितीच्या अहवालाचा आधार घेऊन, सहाही संस्थांचे सुमारे दीड लाख रुपयांचे वार्षिक शुल्क ३० हजार रुपयांवर आणण्याचा आदेश दिला. देशातील दरडोई उत्पन्नाच्या मानाने शुल्क अवाजवी आहे, ही शासनाची भूमिका होती. संस्थांच्या बाजूने दोन युक्तिवाद झाले. पहिला स्वायत्ततेचा : शुल्क घटल्यास शासकीय अनुदानावरील, पर्यायाने शासनावरील अवलंबित्व वाढेल. दुसरा परताव्याचा : गरजू विद्यार्थ्यास साहाय्य व बँकेचे कर्ज उपलब्ध असून पदवीधरास मिळणाऱ्या वेतनातून ते सहज फिटते. मे २००४ मध्ये सत्तांतर झाले आणि अर्जुन सिंह यांच्या कार्यकाळात हा आदेश मागे घेण्यात आला. २००८ साली अहमदाबादच्या संस्थेने दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे शुल्क साडेअकरा लाख रुपये केले. पुढे ते वीस लाखांच्याही पलीकडे गेले.

युक्तिवादाची मर्यादा :
स्वायत्ततेचा युक्तिवाद तत्त्वाचा होता; परताव्याचा युक्तिवाद मात्र विशिष्ट परिस्थितीपुरता खरा होता. या संस्था २०१७ चा कायदा अमलात येईपर्यंत पदवी नव्हे, तर पदविका देत असत. तरीही उद्योगजगतात त्या पदविकेस अनेक विद्यापीठीय पदव्यांहून अधिक मान होता. यावरून असे दिसते की मूल्य प्रमाणपत्राच्या नावात नव्हते. काही अंशी ते अध्यापनात होते आणि बऱ्याच अंशी अत्यंत कठीण प्रवेशपरीक्षेतून झालेल्या निवडीत होते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडलेला संकेत-सिद्धान्त हीच बाब स्पष्ट करतो : पदवी ही ज्ञानाइतकीच गुणवत्तेची खूण म्हणून नियोक्त्यास उपयोगी पडते.

याच काळात खाजगी विनाअनुदानित संस्थांचा विस्तार झाला. टी. एम. ए. पै खटल्यात (२००२) सर्वोच्च न्यायालयाने अशा संस्थांना शुल्क ठरविण्याचे स्वातंत्र्य दिले. नफेखोरी व देणगीशुल्क यांस मात्र मनाई केली. २००१ च्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेमुळे कर्जाची वाट रुंदावली होती. परिणामी, कठोर निवड व खात्रीची नोकरी ही ज्या युक्तिवादाची गृहीतके होती, ती नसलेल्या संस्थांमध्येही 'शुल्क वेतनातून फिटते' हाच हिशेब लागू करण्यात आला. तेथे विद्यार्थ्याच्या वाट्यास खर्च निश्चित आणि मूल्य अनिश्चित, अशी स्थिती आली. त्यात दोन वर्षांच्या बुडालेल्या मिळकतीची भरही पडते. महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्यान्वये शुल्क नियामक प्राधिकरण स्थापन केले. परंतु असे प्राधिकरण शुल्काची वाजवी मर्यादा ठरवू शकते, पदवीचे मूल्य नव्हे.

समारोप :
२००४ च्या वादात शासनाचा उपाय स्वायत्ततेस बाधक होता; परंतु त्यामागील प्रश्न गैरलागू नव्हता. आदेश मागे घेतला गेला आणि प्रश्नही त्याबरोबर मागे पडला. पहिले वेतन हाच पदवीच्या मूल्याचा मापदंड ठरला. सहकारी संस्था, लघुउद्योग किंवा सार्वजनिक सेवा यांकडे वळू इच्छिणाऱ्या पदवीधरास हा मापदंड अपयशी ठरवितो, कारण कर्जाचा हप्ता त्याला तशी निवड करू देत नाही. साठच्या दशकात ज्या हेतूने समाजाने या शिक्षणाचा भार उचलला, तो हेतू आज कोणाच्या हिशेबात धरला जातो, याचा विचार महाविद्यालयीन अध्यापकांनी विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना अवश्य करावयास हवा.